फूटपाथवरची ड्रायव्हर सीट

रस्तेसाहेब आयुष्यात कधी ठेचकाळले नव्हते. ठेचकाळणार कसे? चालताना त्यांची नजर कायम पायाखाली. समोरून सख्खा मेहुणा आला तरी त्यांना आधी त्याच्या चपला दिसायच्या, मग चपलांखालचा हललेला पेव्हर ब्लॉक, आणि मेहुणा दिसेपर्यंत तो बिचारा "काय भाव चढलाय यांना!" असं पुटपुटत पुढे निघून गेलेला असायचा.

पालिकेच्या रस्ते विभागात ते निरीक्षक होते. रस्ता, फूटपाथ, दिव्याचे खांब, फलक, कठडे, बाक, कचऱ्याचे डबे, थोडक्यात रस्त्यावर आणि रस्त्याच्या कडेला जे जे आहे त्याची नोंद ठेवायची, त्याची तब्येत तपासायची आणि त्याला एक ते पाच यांतली एक श्रेणी द्यायची, हे त्यांचं काम. एक म्हणजे उत्तम. पाच म्हणजे गेल्यात जमा. इतकी वर्षं हेच केल्यावर सवय अंगात मुरणारच. घरचा चहा तीन. शेजाऱ्यांचा गळा चार. न्हाव्यानं कापलेले केस दोन, पण डाव्या बाजूला उतार जास्त.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोनं लाडात येऊन विचारलं होतं, "आणि मी?"

साहेबांनी प्रश्न गांभीर्यानं घेतला, हीच चूक झाली. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "दोन."

"दोन म्हणजे?"

"म्हणजे स्थिती चांगली. फक्त किरकोळ देखभाल लागते."

किरकोळ देखभाल म्हणजे काय असतं, हे बायकोनं पुढे बरेच दिवस अबोला धरून त्यांना व्यवस्थित समजावलं. तरी साहेबांनी आकडा बदलला नाही. 'एक' त्यांनी कशालाच कधी दिला नव्हता. एक दिला की लोक काळजी घ्यायचं सोडतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस नको इतका स्वच्छ. पालिकेच्या वाळूचा कण त्यांच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. कुणी बोट दाखवू नये म्हणून दारासमोरचा दिवा गेला तर ते आधी गावभरचे दिवे दुरुस्त करवायचे आणि आपला सगळ्यात शेवटी. तोवर बायको विजेरी घेऊन भाजी आणायला जायची. 'रस्तेसाहेबांची बायको ती, विजेरीवाली,' अशी तिची ओळख झाली होती. साहेबांना त्याचा अभिमान वाटायचा. बायकोला काय वाटायचं ते तिनं सांगितलं होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा या घरात नाना राहायला आले.

नाना म्हणजे बायकोचे वडील. उभा जन्म त्यांनी बस चालवली. निवृत्तीनंतर सासूबाई होत्या तोवर दोघं त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहत. सासूबाई गेल्या, नानांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि माडीचा जिना तर असा उभा की मांजरसुद्धा विचार करून चढायचं. तेव्हा लेक त्यांना हट्टानं घेऊन आली. नाना एक बॅग घेऊन आले. "दोन दिवस राहीन," असं दारातच बजावलं आणि बॅग पलंगाशेजारी ठेवली. ते दोन दिवस वर्षभर चालले, पण बॅग काही रिकामी झाली नाही. सदरा बॅगेतून काढायचा, धुऊन आला की परत बॅगेत. कपाटात त्यांच्यासाठी मोकळा करून ठेवलेला कप्पा तसाच. आणि मनाविरुद्ध काही झालं की नाना बॅगेची चेन ओढायचे. 'चर्रर्र' असा तो आवाज आला की लेक हातातलं काम टाकून धावायची. खरं सांगायचं तर साहेबांना तो आवाज सुरुवातीला फारसा वाईट वाटत नसे.

कारण नानांचं रस्ते विभागाशी जुनं वैर होतं.

"जावईबापू," पहिल्याच दिवशी जेवताना ते म्हणाले, "माझ्या कमरेचे दोन मणके तुमच्या खात्यानं खाल्लेत."

"नाना, तुमचा तो मार्ग आमच्याकडे नव्हता. तो दुसऱ्या खात्याचा."

"मणक्याला खातं कळत नाही हो."

साहेबांनी त्यांच्याकडे भाताचं भांडं सरकवलं.

मग ती सीट आली. नानांची जुनी बस भंगारात निघाली तेव्हा डेपोतल्या सोबत्यांनी आठवणीनं तिची ड्रायव्हर सीट सोडवून घेतली आणि टेम्पोत घालून नानांकडे पोचवली. काळं रेक्झिन, खाली जाडजूड स्प्रिंग, बाजूला मागे-पुढे सरकायचा लिव्हर. नानांनी ती घरासमोरच्या फूटपाथवर, झाडाच्या सावलीत, रस्त्याकडे तोंड करून मांडली. सकाळ झाली की नाना सीटवर. उजवा पाय जिथे ब्रेक असता तिथे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर त्यांची देखरेख. "अहो, इंडिकेटर काय शोभेला लावलाय?" "सावकाश! पुढे कुणी पेढे वाटत नाहीये!" लोकांना आधी राग यायचा, मग हसू यायचं, मग सवय झाली.

साहेबांना मात्र धडकी भरली. रस्ते निरीक्षकाच्या दारासमोर फूटपाथवर सामान!

"नाना, फूटपाथवर सुटी वस्तू ठेवता येत नाही. ते अतिक्रमण होतं. सुटी वस्तू दिसली की पालिकेची गाडी उचलून नेते."

"सुटी?" नानांनी विचारलं.

"हो. सुटी."

नानांनी मान डोलावली, आणि साहेबांना वाटलं, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीत असताना डेपोतला मेकॅनिक ड्रिल घेऊन आला. संध्याकाळी साहेब नेहमीसारखे खाली बघत घरी आले, तर त्यांना सीटच्या आधी बोल्ट दिसले. चार कोपऱ्यांना चार, अंगठ्याएवढे जाड, फूटपाथमध्ये आरपार.

"आता सुटी नाही," वरून आवाज आला.

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते तरातरा आत गेले. बायकोनं त्यांना तोंड उघडूच दिलं नाही. "आई गेल्यापासून पहिल्यांदा ते दोन्ही वेळा पोटभर जेवतायत," ती म्हणाली. "राहू द्या ना."

साहेबांनी राहू दिलं. म्हणजे सीट दिसत नाही असं ठरवलं. जन्मभर खाली बघून चालणारा माणूस तेवढ्या जागी मान वर करून चालू लागला, आणि लगेच त्यानं झाडाच्या फांदीवर कपाळ आपटून घेतलं. नानांनी त्यावर "हॉर्न द्यायचा ना," एवढंच म्हटलं.

हेही निभावलं असतं. पण पालिकेनं गावातल्या रस्त्याकडेच्या सगळ्या वस्तूंना क्रमांक घालायचं काम काढलं. ठेकेदाराची माणसं पिवळा रंग आणि साचे घेऊन गल्लोगल्ली फिरू लागली. त्यांना लेखी सूचना रस्तेसाहेबांनीच दिली होती, आणि फार विचार करून दिली होती. जे जमिनीला बोल्टनं पक्कं आहे, ते पालिकेचं समजून क्रमांक घालावा. जे सुटं आहे, ते अतिक्रमण समजून कळवावं. इतकी सोपी सूचना की कुणाची चूकच होऊ नये. आणि झालीच नाही. माणसांनी सीट हलवून पाहिली, हलली नाही, नानांना विनंती करून जरा पुढे वाकायला सांगितलं आणि पाठीमागे झोकदार पिवळ्या अक्षरांत छापलं, 'बा ११७'.

साहेब घरी आले तेव्हा नानांचा चेहरा उजळला होता.

"जावईबापू," ते म्हणाले, "इतक्या वर्षांनी कायम झालो!"

त्या आठवड्यात पालिकेत नव्या मुख्य अभियंता रुजू झाल्या होत्या. या मॅडम आलेला कागद वाचायच्या, आणि पालिकेत हा प्रकार नवीन होता. त्यांनी साहेबांना बोलावून घेतलं.

"एकशे सतरा. बाक, एक आसनी. स्प्रिंगचा. मागे-पुढे सरकतो." त्यांनी मान वर केली. "असे बाक आपण कधी घेतले?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण खोटं त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं. "मॅडम, तो बाक नाही. ती माझ्या सासऱ्यांची सीट आहे." आणि त्यांनी बोल्टपासून पिवळ्या रंगापर्यंत सगळं सांगून टाकलं. आजूबाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं.

मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "नोंद झाली म्हणजे ती पालिकेची झाली. आता नियमानंच जाईल. श्रेणी चार किंवा पाच असेल तर काढता येते. तीनपर्यंत असेल तर आपल्याला ती सांभाळावी लागते. तपासून श्रेणी द्या."

"मी? मॅडम, घरचा मामला आहे. दुसऱ्या निरीक्षकाला पाठवा ना."

"दुसरा निरीक्षक आहे कुठे? पालिका द्यायला निघाली होती तेव्हा तुम्हीच लिहून कळवलं होतंत, दुसऱ्या कुणाला नीट श्रेणी देता येत नाही म्हणून. वाचलंय मी."

साहेब बाहेर आले तर दाराशी पाणीपुरवठ्याचा कारकून उभा. हा त्यांचा हाडवैरी. साहेबांनी नवा रस्ता केला की डांबर थंड व्हायच्या आत हा त्यात पाइप टाकायला खोदायचा. आज मात्र त्याला पुळका आला होता.

"साहेब, डोकं चालवा. चार लिहा आणि मोकळे व्हा. सीट जाईल, पण नाव राहील. लोक म्हणतील, बघा, सख्ख्या सासऱ्यालाही सोडलं नाही. आणि एक-दोन लिहिलंत ना, तर संपलं. जावयानं सासऱ्याला सरकारी सिंहासन दिलं, असं गावभर होईल. मीच करीन."

बोलणं खरं होतं, हीच पंचाईत. साहेब वाटेत विचार करत राहिले. खोटं लिहिलं तर प्रामाणिक ठरणार, खरं लिहिलं तर चोर. असा पेच त्यांच्या आयुष्यात कधी आला नव्हता. त्या नादात त्यांना वाटेतला एक उखडलेला ब्लॉकसुद्धा दिसला नाही, आणि रस्तेसाहेब जन्मात पहिल्यांदा ठेचकाळले.

घरी बायकोनं अंगठ्याला पट्टी बांधता बांधता सगळं ऐकून घेतलं.

"मग चार लिहिणार?"

"अजून तपासलेली नाही."

"सीट गेली तर नाना जातील. बोलणार काही नाहीत. चेन लावतील आणि निघतील. त्या माडीवर पडले तर उचलायलाही कुणी नाही." तिनं पट्टीची गाठ जरा जोरातच आवळली. "तो जिना बघितलाय ना तुम्ही? त्याला किती द्याल?"

"पाच," साहेब लगेच म्हणाले.

"मग बघा," म्हणून ती आत गेली.

सकाळी साहेब हातोडी, पाना आणि कागद घेऊन फूटपाथवर आले. नाना सीटवरून उठले आणि झाडाला टेकून उभे राहिले. घराच्या दारात त्यांची बॅग आणून ठेवलेली होती, चेन पूर्ण ओढलेली. साहेबांनी ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं.

त्यांनी सीट ठोकून पाहिली. गुडघ्यावर बसून बोल्ट तपासले. गंज शोधला, चीर शोधली. खरं तर मनापासून शोधली, कारण एखादी बरीशी चीर मिळाली असती तर सगळे प्रश्न सुटले असते. रेक्झिन आरशासारखं पुसलेलं. स्प्रिंगला तेल. शेवटी राहिलं बसणं. बाकाची श्रेणी बसल्याशिवाय द्यायची नाही, हा त्यांचाच नियम. साहेब बसले.

सीट किंचित खाली गेली आणि तिनं त्यांना अलगद तोलून धरलं. इतकी वर्षं ते या फूटपाथवरून चालले होते, पण बसले कधीच नव्हते, आणि ड्रायव्हर सीटवर बसलं की खाली बघताच येत नाही. नजर आपोआप पुढे जाते. पुढे माणसं होती. पेपरवाला सायकलवरून जाताना ओरडला, "नाना, आज उशीर हं मला..." आणि चेहरा पाहून चपापला. शाळेची बस वळणावर मंद झाली, ड्रायव्हरनं सवयीनं दोनदा हॉर्न दिला, आणि सीटवर भलताच माणूस बघून त्याचा चेहरा पडला. पलीकडच्या शिंपीणबाई खिडकीतून विचारत्या झाल्या, "काय हो, नाना बरे आहेत ना?" जो तो साहेबांकडे असं बघत होता जणू त्यांनी चालत्या गाडीत कुणाची राखीव जागा बळकावली होती.

"लिहा लवकर," झाडाला टेकलेले नाना म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मीही चारच लिहिलं असतं. नोकरी आहे तुमची."

साहेबांनी कागद गुडघ्यावर ठेवला.

"तुम्ही दोघं काही कमी करत नाही माझं," नाना रस्त्याकडेच बघत पुढे म्हणाले. "पण घरात मी पाहुणा आहे हो, जावईबापू. आतल्या खुर्चीवर बसलो की वाटतं, आता उठावं, कुणाला तरी बसायचं असेल. इथे बसलो की तसं वाटत नाही. बाकी काही नाही."

हा माणूस आपल्याला जड झाला होता, आपण त्या चेनच्या आवाजाची वाट बघत होतो, याची साहेबांना मनापासून लाज वाटली. पण ते लाजेनं श्रेणी देणारे नव्हते. त्यांनी आणखी एकदा लिव्हर ओढला, सीट मागे नेली, पुढे आणली, कान लावून ऐकलं. कुरकुर नाही. मग कागदावर एक आकडा लिहिला, घडी घातली आणि कचेरीत गेले.

मॅडमनी कागद उघडला. "एक?"

"एक."

"पालिकेच्या स्वतःच्या इमारतीला तुम्ही तीन दिलेत."

"तीनच आहे ती, मॅडम."

"आणि सासऱ्यांच्या सीटला एक."

"आहे, मॅडम."

मागे पाणीपुरवठ्याला मोठ्यांदा खोकला आला. मॅडम उठल्या. "चला, मीच बघते," म्हणाल्या, आणि गाडीतून थेट फूटपाथवर उतरल्या. नाना पुन्हा उठून उभे राहिले. मॅडम सीटवर बसल्या, फाइल मांडीवर घेतली आणि लिव्हर खसकन ओढला. सीट सुटली. मॅडम सीटसकट पुढे आल्या आणि फाइल रस्त्यात गेली.

"आधी पाय टेकवायचे असतात," नाना म्हणाले. "शिकाऊ दिसताय."

लेकीनं दारातच पदर तोंडावर धरला. मॅडम सावरून उठल्या, साडी नीट केली आणि म्हणाल्या, "दोन. लिव्हर झटका देतो."

दोनसुद्धा चाललं असतं. दोनला सीट राहतच होती. शहाण्या माणसानं मान डोलावून फाइल उचलली असती. पण चुकीची श्रेणी समोर दिसत असताना गप्प बसणं साहेबांच्या रक्तातच नव्हतं.

"लिव्हर झटका देत नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही तो चुकीचा ओढलात. पुन्हा बसा."

साहेबांनी नोकरीत कुठल्याही वरिष्ठाला उलट उत्तर दिलं नव्हतं, 'पुन्हा बसा' म्हणणं तर दूरच. नानांनी मान वळवून जावयाकडे पाहिलं. वर्षभरात इतकं निरखून त्यांनी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

मॅडम पुन्हा बसल्या. पाय टेकवले, लिव्हर हळू ओढला. सीट लोण्यासारखी मागे गेली, लोण्यासारखी पुढे आली. त्यांनी आणखी एकदा करून पाहिलं. मग आणखी एकदा, आणि ती तिसरी वेळ काही तपासणीसाठी नव्हती.

"ठीक आहे. एक," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "पण मग नीट ऐका. ही पालिकेची मालमत्ता आहे, कुणाच्या सासऱ्यांची नाही. कुणीही येऊन बसेल. ऊठ म्हणायचं नाही."

सीट राहिली. नानांनी बॅग दारातून उचलून परत पलंगाशेजारी ठेवली. कारकुनानंही शब्द पाळला. 'सरकारी सिंहासन' गावभर झालं. भाजीवाल्यानं साहेबांना "सासरेबुवा गादीवर खूश आहेत ना?" असं विचारलं. साहेबांनी विनोदाला चार दिले आणि भाजी घेऊन घरी आले. झोंबलं त्यांना, पण जेवण नेहमीसारखं गेलं.

आता खरी परीक्षा नानांची होती. आणि ती लौकरच आली. एका संध्याकाळी साहेब घरी परतले तर सीटवर एक अनोळखी बाई ऐसपैस बसलेल्या, पायाशी पिशव्या, कानाला फोन, आणि कुणाच्या तरी सुनेची कहाणी अगदी सुरुवातीपासून चाललेली. शेजारी नाना झाडाचं खोड धरून उभे, दातओठ खात. 'ऊठ' म्हणायचं नव्हतं. त्यांनी म्हटलं नाही. कहाणीतली सून माहेरी जाऊन परत आली तरी बाई उठेनात, तेव्हा नाना वळले आणि लंगडत घरात गेले.

साहेब उंबऱ्यावर बूट काढत होते, तेवढ्यात आतून आवाज आला. चर्रर्र.

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. साहेब एका पायात बूट घालून आत धावले. "नाना, थांबा! आपण काहीतरी करू, जाऊ नका," असं काहीतरी ते बोलून गेले. नंतर त्यांना स्वतःलाच आठवलं नाही.

नाना बॅग भरत नव्हते, उपसत होते. पलंगावर सदऱ्यांचा ढीग पडला होता, त्यावर शाल, दाढीचं सामान, कागदात गुंडाळलेला सासूबाईंचा फोटो. तळाशी हात घालून त्यांनी एक भलामोठा पाना बाहेर काढला.

"मी कुठे जातोय?" त्यांनी विचारलं. "डेपोत कंडक्टरची सीट पडून आहे. मेकॅनिकला सांगितलंय, घेऊन येतोय. एका सीटवर भागत नाही आता. बायामाणसांनी उभं राहायचं का?"

साहेब दारात उभे राहिले. एका पायात बूट, एक पाय मोकळा. त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. परवानगी, नोंद, नियम, कारकून, सगळं एकदम जिभेवर आलं.

"सुटी ठेवू नका," ते म्हणाले. "सुटी दिसली तर मलाच उचलायला लागेल. बोल्ट मारा."

"मग चला धरायला. माझ्यानं वाकवत नाही."

दोघं बाहेर गेले. थोड्या वेळानं टेम्पोचा आवाज आला, मग ड्रिलचा, मग नानांचा, "सरळ धरा हो, कंडक्टर!" बायको पलंगाजवळ येऊन उभी राहिली. तिनं एक सदरा उचलला, घडी घातली आणि कपाटातल्या मोकळ्या कप्प्यात ठेवला. मग दुसरा. फोटोवरचा कागद सोडवून तो फळीवर, पलंगावरून दिसेल असा उभा केला.

खिडकीतून नानांचं विचारणं ऐकू आलं, "बघा बरं, कशी बसलीय? किती?"

"दोन," साहेबांचा आवाज आला. "किरकोळ देखभाल लागेल."

ती एकटीच हसली. मग स्टुलावर चढून तिनं ती रिकामी बॅग माळ्यावर पार आत, भिंतीला लागेपर्यंत ढकलून दिली.